सायनोव्हियल सांध्यांचे प्रकार व त्यांच्या हालचाली : तोरणमाळच्या चढउताराच्या संदर्भात

प्रस्तावना :

मानवी शरीरातील सांधे हा घटक शारीरिक शिक्षण, प्राणिशास्त्र, गृहविज्ञान अशा अनेक विषयांच्या अभ्यासक्रमांत समाविष्ट आहे. विद्यार्थी सांध्यांच्या सहा प्रकारांची नावे, प्रत्येकाचे एक उदाहरण व हालचालींचा तक्ता पाठ करतात, उत्तरपत्रिकेत तो जसाच्या तसा उतरवतात आणि त्यास पूर्ण गुणही मिळतात. प्रस्तुत लेखक शारीरिक शिक्षण विषयाचा अध्यापक असून गेली काही वर्षे हाच तक्ता फळ्यावर काढत आला आहे. तो तक्ता आपणास नीट समजलेला नव्हता, याची जाणीव मात्र वर्गात न होता तोरणमाळच्या एका शिबिरात झाली.

नंदुरबार जिल्ह्याच्या धडगाव तालुक्यात, सातपुड्याच्या रांगेत समुद्रसपाटीपासून सुमारे १,१५० मीटर उंचीवर तोरणमाळ वसलेले आहे. शहाद्याहून म्हसावद, राणीपूर अशा मार्गाने निघालेला रस्ता शेवटी सात पायरीच्या घाटाने वर चढतो. यशवंत तलाव, सीताखाई, गोरक्षनाथांचे मंदिर ही स्थळे पर्यटकांस परिचित आहेत. परंतु पठाराच्या कडेला उभे राहिले म्हणजे खाली दऱ्यांत उतरणाऱ्या पाऊलवाटा दिसतात, त्या पर्यटकांच्या नसून भिल्ल व पावरा बांधवांच्या नित्याच्या आहेत. बाजार, शाळा, दवाखाना या प्रत्येकासाठी येथे चढावे व उतरावे लागते.

अशाच एका पाऊलवाटेने आमचे विद्यार्थी उतरत असता, सातपुड्यातील एका पाड्यावरून आलेला द्वितीय वर्षाचा एक विद्यार्थी वारंवार मागे राहू लागला. विचारणा केली असता, "सर, गुडघा दुखतो," एवढेच तो म्हणाला. गुडघा तपासला. सूज नव्हती, उष्णता नव्हती, दाबल्यावर दुखत नव्हते, वाकवल्यावर पूर्ण वाकत होता. लेखकाने पट्टी बांधून दिली आणि डोंगरातल्या मुलाने उतारावर कुरकुर करावी याबद्दल चार शब्दही सुनावले. दोष गुडघ्यात नव्हताच. तो कोठे होता, हे कळण्यासाठी सांध्यांची रचना, त्यांचे प्रकार व हालचाली यांचा विचार प्रथम करणे आवश्यक आहे.

सांध्याची घडण :

दोन किंवा अधिक अस्थी जेथे एकत्र येतात त्या स्थानास सांधा असे म्हणतात. रचनेच्या दृष्टीने सांध्यांचे तीन वर्ग मानले जातात. कवटीच्या हाडांमधील शिवणी तंतुमय वर्गात मोडतात व त्या जवळजवळ अचल असतात. दोन मणक्यांच्या मध्ये असणाऱ्या चकतीचा जोड कूर्चामय वर्गातील असून तेथे अल्प हालचाल होते. तिसरा वर्ग सायनोव्हियल सांध्यांचा होय. हातापायांचे बहुतेक सर्व सांधे या वर्गातील असून मुक्त हालचाल हे त्यांचे मुख्य लक्षण आहे.

सायनोव्हियल सांध्यात हाडे एकमेकांस चिकटलेली नसतात. त्यांच्यामध्ये एक अरुंद पोकळी असते. हाडांच्या टोकांवर काचेसारख्या गुळगुळीत कूर्चेचा थर असतो. संपूर्ण सांध्याभोवती तंतुमय संधिकोश असून त्यास बाहेरून अस्थिबंधांचा आधार मिळतो. कोशाच्या आतील पातळ अस्तरातून संधिद्रव स्रवतो. या द्रवास 'सायनोव्हिया' हे नाव सोळाव्या शतकातील स्विस वैद्य पॅरासेल्सस याने दिले. अंड्याच्या पांढऱ्या बलकाशी असलेल्या साम्यावरून हे नाव पडले असावे, असे मानले जाते. निरोगी गुडघ्यात हा द्रव अवघा काही मिलिलिटर असतो, हे वर्गात सांगितले की विद्यार्थ्यांस खरे वाटत नाही. हायल्युरॉनिक आम्ल व ल्युब्रिसिन या घटकांमुळे तो बुळबुळीत होतो. बर्फावर बर्फ घसरताना जेवढे घर्षण होते त्याहूनही कमी घर्षण निरोगी सांध्यात होते.

येथे एक बाब विशेष लक्षात घेण्याजोगी आहे. संधिकूर्चेस स्वतःच्या रक्तवाहिन्या नाहीत व चेतातंतूही नाहीत. तिचे पोषण संधिद्रवातून होते. पाऊल टेकले की कूर्चा दाबली जाऊन तीतील द्रव बाहेर पडतो, पाऊल उचलले की ती स्पंजाप्रमाणे पुन्हा द्रव शोषून घेते. म्हणजेच हालचाल हेच तिचे अन्न पोहोचविण्याचे साधन आहे. प्लास्टरमध्ये दीर्घकाळ राहिलेला सांधा ताठरतो त्यामागे हेही एक कारण असते. उलटपक्षी, कूर्चेस वेदना कळत नसल्याने तिची झीज बरीच पुढे जाईपर्यंत मनुष्यास पत्ता लागत नाही. मात्र कूर्चेखालील हाडास रक्तपुरवठा असतो आणि तो तुटला तर काय होते, हे पुढे पाहावयाचे आहे.

सुश्रुताचे वर्गीकरण :

आपल्याकडे सांध्यांचे वर्गीकरण नवीन नाही. सुश्रुतसंहितेच्या शारीरस्थानात संधींची संख्या २१० दिली असून त्यांपैकी ६८ हातापायांत, ५९ धडात व ८३ मानेपासून वर सांगितले आहेत. त्यांचे चेष्टावान व स्थिर असे दोन भेद करून पुढे कोर, उलूखल, सामुद्ग, प्रतर, तुन्नसेवनी, वायसतुंड, मंडल व शंखावर्त असे आठ प्रकार वर्णिले आहेत. बोटे, मनगट, घोटा, गुडघा व कोपर यांचे सांधे कोर प्रकारात येतात. ते आजच्या बिजागरीच्या सांध्यांशी बऱ्याच अंशी जुळतात. काख व जांघ येथील सांधे उलूखल, म्हणजे उखळासारखे होत. शालेय पुस्तकांतील 'उखळीचा सांधा' ही संज्ञा त्याच शब्दाची वारस आहे. दातांनाही सुश्रुताने उलूखलातच बसविले आहे. आधुनिक शास्त्र त्यांस अचल जोड मानते. मंडल व शंखावर्त या प्रकारांत तर आजच्या अर्थाने सांधे नसलेल्या रचनाही आहेत. त्यामुळे "सर्व काही आपल्या ग्रंथांत आधीच होते" असा दावा करणे युक्त ठरणार नाही. तथापि आकारावरून हालचाल ओळखण्याची दृष्टी दोन्हीकडे एकच आहे. सांध्यातील श्लेषक कफास आसाला लावलेल्या वंगणाची दिलेली उपमा आजच्या वर्गातही तितकीच चपखल बसते.

अक्ष व हालचालींच्या संज्ञा :

सांध्याची हालचाल कोणत्या व किती अक्षांभोवती होते यावरून त्याचे एकाक्षीय, द्विअक्षीय व बहुअक्षीय असे भेद होतात. दोन हाडांमधील कोन कमी होणे म्हणजे आकुंचन व वाढणे म्हणजे प्रसरण. अवयव शरीराच्या मध्यरेषेपासून दूर जाणे म्हणजे अपवर्तन व जवळ येणे म्हणजे अभिवर्तन. हाड स्वतःच्या लांबीच्या अक्षाभोवती फिरणे म्हणजे परिभ्रमण. ते आत किंवा बाहेर असे दोन दिशांनी होते. आकुंचन, अपवर्तन, प्रसरण व अभिवर्तन ओळीने घडून अवयवाचे टोक हवेत वर्तुळ काढते, त्यास पर्यावर्तन म्हणतात. परिभ्रमण व पर्यावर्तन यांत विद्यार्थ्यांची हमखास गल्लत होते. जात्याचा खुंटा धरलेला हात पर्यावर्तन करतो, कुलपात किल्ली फिरविणारा हात परिभ्रमण करतो, एवढे उदाहरण दिल्यास ती बहुधा टळते.

सायनोव्हियल सांध्यांचे प्रकार :

सरकत्या सांध्यात दोन्ही पृष्ठभाग जवळजवळ सपाट असून ते एकमेकांवर किंचित घसरतात. मनगटातील व पावलाच्या मागील भागातील लहान हाडे, तसेच मणक्यांच्या मागील बाजूचे छोटे सांधे ही त्याची उदाहरणे. एकेका सांध्यातील हालचाल नगण्य, परंतु अनेकांची मिळून पाऊल ओबडधोबड दगडावर बसते ती त्यांच्यामुळेच. अनवाणी चालणाऱ्याचे पाऊल दगडाचा आकार घेते असे आपण म्हणतो, तेव्हा प्रत्यक्षात हे सांधे सरकत असतात.

खिळीच्या सांध्यात एक हाड खुंटीप्रमाणे व दुसरे तीभोवतीच्या कड्याप्रमाणे असते. मानेच्या दुसऱ्या मणक्याची खुंटी पहिल्या मणक्याच्या कड्यात बसते व मान डावीउजवीकडे फिरते. मानेच्या एकूण परिभ्रमणापैकी सुमारे निम्मे या एकाच ठिकाणी होते. मान हलवून 'नाही' म्हणताना हा सांधा काम करतो. 'होय' म्हणून मान डोलावताना मात्र त्याच्या वरचा, कवटी व पहिला मणका यांमधील सांधा वापरला जातो. कोपराजवळ अंगठ्याच्या बाजूचे हाड करंगळीच्या बाजूच्या हाडाशी असाच सांधा करते. त्यामुळे तळहात उत्तान व पालथा करता येतो.

लंबगोल सांधा द्विअक्षीय असून मनगट व बोटांच्या मुळाशी आढळतो. त्यात आकुंचन, प्रसरण, अपवर्तन व अभिवर्तन होते. स्वतंत्र परिभ्रमण होत नाही.

खोगिरी सांध्याचे सर्वपरिचित उदाहरण अंगठ्याच्या मुळाशी आहे. दोन्ही पृष्ठभाग एका दिशेने खोलगट व दुसऱ्या दिशेने फुगीर असतात. खोगिरावर स्वार बसावा तसे एक हाड दुसऱ्यावर बसते. यामुळे अंगठा इतर बोटांसमोर येऊ शकतो आणि मनुष्याची पकड शक्य होते. उन्हाळ्यात धडगाव परिसरात घरोघरी आमचूर तयार होते. कच्च्या कैऱ्या सोलून त्यांचे काप करणाऱ्या स्त्रियांचा हात काही वेळ पाहावा: एका अंगठ्याने कैरी दाबून धरलेली, दुसऱ्याने पात्यास आधार, आणि हे दिवसाकाठी किती वेळा याची गणती नाही. अंगठा व तर्जनीच्या चिमटीत जेवढा जोर लागतो त्याच्या कित्येक पट भार अंगठ्याच्या मुळाशी पडतो. उतारवयात या सांध्याची झीज स्त्रियांत अधिक आढळते. भिल्ल समाजात तीर सोडताना अंगठा न वापरता दोन बोटांनी प्रत्यंचा ओढण्याची रीत सांगितली जाते व तिचा संबंध एकलव्याशी जोडला जातो. कथेचा भाग बाजूस ठेवला तरी, आजच्या ऑलिंपिक प्रकारातील धनुर्धरही प्रत्यंचा बोटांनीच ओढतात, ही गोष्ट वर्गात सांगण्यासारखी आहे.

बिजागरीचा सांधा व उतार :

बिजागरीच्या सांध्यात दाराप्रमाणे एकाच अक्षाभोवती उघडझाप होते. कोपर, बोटांची पेरे व घोटा ही त्याची उदाहरणे. गुडघ्यासही पुस्तके याच रांगेत बसवितात, पण हे अर्धसत्य आहे. गुडघा वाकलेला असताना नडगीचे हाड थोडे आतबाहेर फिरू शकते. पाय पूर्ण सरळ होताना शेवटच्या काही अंशांत मांडीचे हाड नडगीवर किंचित फिरून सांधा कुलूपबंद होतो. म्हणूनच आपण स्नायूंस फारसे न शिणवता बराच वेळ उभे राहू शकतो. आत अर्धचंद्राकृती दोन कूर्चा व फुलीप्रमाणे एकमेकांना छेदणारे दोन अस्थिबंध आहेत. यास्तव त्यास सुधारित बिजागरी म्हणणे अधिक योग्य.

घाट चढताना दम लागतो व उतरताना गुडघे बोलतात, हा सर्वांचा अनुभव आहे. चढताना मांडीच्या पुढील स्नायू आखडत जाऊन शरीर वर उचलतात. उतरताना तेच स्नायू ताणले जात असता शरीराचा वेग रोखून धरतात, म्हणजे लगामाचे काम करतात. अशा कामात स्नायूतंतूंना सूक्ष्म इजा अधिक होते. त्यामुळे शिबिराहून परतल्यावर दुसऱ्या दिवशी मांड्या भरून येतात. गुडघ्याच्या वाटीमागील सांध्यावर सपाटीवर चालताना शरीराच्या वजनाच्या सुमारे निम्मा भार येतो; पायऱ्या चढता-उतरताना तो तिप्पट वा अधिक व खोल उकिडवे बसताना सात-आठ पटींपर्यंत जातो.

उकिडवे बसण्याचा प्रश्न आपल्या समाजाशी निगडित असल्याने त्याविषयी थोडे विस्ताराने लिहिणे अवश्य वाटते. चुलीपुढे, मोहाची फुले वेचताना, गावसभेत व शौचास मनुष्य उकिडवा बसतो. टाचा टेकवून असे बसण्यासाठी गुडघा १५० अंशांच्या आसपास वाकावा लागतो, खुबा पूर्ण मिटावा लागतो व घोटाही पुढे बराच झुकावा लागतो. लाहोर येथे शरीररचनाशास्त्राचे अध्यापन करणारे हॅवलॉक चार्ल्स यांनी १८९३ मध्ये पंजाबी लोकांच्या पायांच्या हाडांवर, विशेषतः घोट्यापाशी, उकिडवे बसण्याच्या सवयीने उमटलेल्या जादा सांध्यपृष्ठांचे वर्णन प्रसिद्ध केले. सवय हाडावर अक्षरशः कोरली जाते, असा याचा अर्थ. परंतु ही सवय गुडघ्यांस सर्वथा हितकारक आहे असे समजू नये. बीजिंगमधील वृद्धांच्या पाहणीवर आधारित २००४ च्या अभ्यासात तारुण्यात दीर्घकाळ उकिडवे बसणाऱ्यांत गुडघ्याची झीज अधिक आढळली होती.

कृत्रिम अवयवांच्या रचनेतही हाच प्रश्न आला. खुर्चीवर बसणाऱ्या समाजासाठी घडविलेला कृत्रिम पाय आपल्या शेतकऱ्यास निरुपयोगी ठरत होता. १९६८ च्या सुमारास जयपूर येथे कारागीर रामचंद्र शर्मा व अस्थिशल्यचिकित्सक डॉ. प्रमोद करण सेठी यांनी विकसित केलेल्या जयपूर फूटमध्ये घोटा अनेक दिशांनी वळतो, त्यामुळे उकिडवे बसता येते, अनवाणी चालता येते. पुण्याचे डॉ. कां. ह. संचेती यांनी भारतीयांसाठी 'इंडस' हा कृत्रिम गुडघा विकसित केला. सांध्याचा प्रकार ठाऊक असणे व त्या सांध्याने माणूस प्रत्यक्षात काय करतो हे ठाऊक असणे, या दोहोंतील अंतर अशा उदाहरणांतून स्पष्ट होते.

उखळीचा सांधा : खांदा व खुबा

उखळीच्या सांध्यात हाडाचे गोल डोके वाटीसारख्या खोबणीत बसते. तो बहुअक्षीय असून वर उल्लेखिलेल्या सर्व हालचाली त्यात होतात. शरीरात मोठे उखळी सांधे दोन जोड्या आहेत, खांदा व खुबा. आणि ते परस्परांहून फार भिन्न आहेत.

खांद्याची खोबण उथळ असल्याने तेथे चपळाई अधिक व स्थैर्य कमी. हात बाजूने डोक्यावर १८० अंशांपर्यंत जातो, परंतु ते सारे एका सांध्याचे काम नव्हे. १९४४ साली इन्मन व त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवून दिल्याप्रमाणे त्यांपैकी सुमारे १२० अंश प्रत्यक्ष खांद्याच्या सांध्यात व ६० अंश खांद्याचे पाते पाठीवर फिरल्याने मिळतात. हाताचा धडाशी हाडामार्फत असलेला एकमेव जोड म्हणजे हासळीचे हाड व उरोस्थी यांचा लहानसा सांधा. दुर्गम पाड्यांवरून रुग्णास बांबूच्या झोळीत घालून आणणाऱ्या माणसांच्या खांद्यावर बांबू टेकतो तो या हासळीच्या हाडालगत, आणि वाटेत ते वारंवार खांदा बदलतात ते उगाच नव्हे.

खुब्याची खोबण खोल असून मांडीच्या हाडाचे डोके तीत निम्म्याहून अधिक सामावते. त्याभोवतीचे अस्थिबंध शरीरातील सर्वांत बळकट अस्थिबंधांपैकी होत. येथे हालचाल दोन रीतींनी होते हे बहुधा विसरले जाते: श्रोणी स्थिर असता पाय हलतो, किंवा पाय स्थिर असता श्रोणी हलते. अक्कलकुवा तालुक्यातील काठीच्या राजवाडी होळीत कमरेस भोपळे वा घुंगरू बांधून रात्रभर नाचणारे बावे ज्याने पाहिले असतील त्यास दुसरा प्रकार वेगळा समजवावा लागणार नाही. पाय जमिनीवर ठेका धरतात आणि कंबर त्या पायांवर झुलते.

चालताना प्रत्येक पावलागणिक काही क्षण आपण एका पायावर उभे असतो. अशा वेळी दुसऱ्या बाजूस श्रोणी कलू नये म्हणून उभ्या पायाच्या बाजूचे अपवर्तक स्नायू ती ओढून धरतात. तराजूची एक दांडी आखूड असावी तशी त्यांची स्थिती असल्याने त्यांस शरीराच्या वजनापेक्षा अधिक जोर लावावा लागतो आणि खुब्यावर वजनाच्या सुमारे अडीच ते तीन पट भार येतो. हे स्नायू दुबळे झाले वा सांधा दुखू लागला की श्रोणी विरुद्ध बाजूस झुकते. १८९५ मध्ये ट्रेंडेलेनबर्ग यांनी हे लक्षण नोंदविले. यावरूनच, खुबा उजवा दुखत असेल तर काठी डाव्या हातात धरावी हा नियम निघतो. महाशिवरात्रीच्या यात्रेस तोरणमाळला पायी येणाऱ्या वृद्धांत दुखऱ्या पायाच्याच बाजूस काठी धरलेले अनेक जण दिसतात. त्यांस कोणी हात बदलावयास सांगितले, तर काही पावलांतच फरक जाणवतो.

खुब्याचे दुखणे व सिकलसेल :

आता त्या विद्यार्थ्याकडे वळू. शिबिरानंतर त्याचे मैदानावर येणे कमी झाले. काही महिन्यांनी तो लंगडताना दिसला तेव्हा त्याचा पाय खुब्यातून आत फिरविण्याचा प्रयत्न केला असता तो वेदनेने कळवळला. क्ष-किरण तपासणीत मांडीच्या हाडाचे डोके एका बाजूने चपटे झालेले दिसले. रक्ततपासणीत सिकलसेल आजाराचे निदान झाले. गुडघा पूर्णपणे निरोगी होता.

खुब्याचे दुखणे गुडघ्यात का जाणवावे? खुबा व गुडघा या दोहोंस काही समान चेतांच्या शाखा मिळतात. सांध्यास जी चेता मिळते तीच त्यास हलविणाऱ्या स्नायूंस व वरच्या त्वचेसही मिळते, हे ब्रिटिश शल्यचिकित्सक जॉन हिल्टन यांनी एकोणिसाव्या शतकात मांडले होते. त्यामुळे मेंदूची दिशाभूल होते. गुडघा दुखतो अशी तक्रार असेल व गुडघ्यात काही आढळत नसेल, तर खुबा तपासावा हा नियम वैद्यकाच्या विद्यार्थ्यास शिकविला जातो. शारीरिक शिक्षणाच्या अध्यापकास तो क्वचितच सांगितला जातो.

सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार आहे. हिमोग्लोबिनच्या बीटा साखळीत सहाव्या स्थानी ग्लुटामिक आम्लाऐवजी व्हॅलिन येते, एवढाच फरक. पण त्यामुळे प्राणवायू कमी झाला की तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकतात व ताठ होतात. अमेरिकेत हेरिक यांनी १९१० मध्ये या पेशींचे वर्णन केले. भारतात १९५२ मध्ये निलगिरीच्या आदिवासींत हा विकार प्रथम नोंदला गेला. महाराष्ट्रात नंदुरबार, गडचिरोली, अमरावती यांसारख्या जिल्ह्यांत त्याचे प्रमाण लक्षणीय आहे. २०११ च्या जनगणनेनुसार नंदुरबार जिल्ह्याची सुमारे ६९ टक्के लोकसंख्या अनुसूचित जमातींची असून भिल्ल व पावरा या दोन्ही जमातींत हा विकार आढळतो. आईवडील दोघेही वाहक असल्यास प्रत्येक गरोदरपणी अपत्यास आजार होण्याची शक्यता २५ टक्के असते. वाहक व्यक्ती सर्वसाधारणपणे निरोगी असते. वाहक व रुग्ण यांत गल्लत करणे अन्यायकारक होय.

मांडीच्या हाडाच्या डोक्यास होणारा रक्तपुरवठा मुख्यतः हाडाच्या मानेवरून वर चढणाऱ्या बारीक रक्तवाहिन्यांतून होतो. ताठ झालेल्या पेशी तेथे अडकल्या की पर्यायी मार्ग अपुरा पडतो व हाडाचा तो भाग मृत होतो. कूर्चा वरून काही काळ शाबूत राहते, कारण तिचे पोषण संधिद्रवातून चालू असते. परंतु खालचा आधार ढासळला की गोल डोके चपटे होते, आणि चपटे डोके गोल वाटीत फिरू शकत नाही. प्रथम आतील परिभ्रमण व अपवर्तन कमी होते, आकुंचन बराच काळ टिकते. म्हणूनच असा तरुण सरळ चालू शकतो, वाकू शकतो, परंतु मांडी घालून बसताना किंवा सायकलवर टांग टाकताना अडतो. सुरुवातीच्या काळात साध्या क्ष-किरण चित्रात काही दिसत नाही. एमआरआय तपासणीत ते लवकर कळते. तेव्हाच भार कमी केला व उपचार सुरू झाले तर सांधा काही वर्षे अधिक टिकण्याची आशा असते. डोके ढासळल्यावर सांधाबदल हाच बहुधा मार्ग उरतो, आणि विशीतील रुग्णास तो आयुष्यात एकाहून अधिक वेळा करावा लागू शकतो.

येथे एक गैरसमज दूर करणे आवश्यक आहे. तोरणमाळची उंची प्राणवायूची मोठी उणीव भासण्याएवढी नाही; केवळ तेथे गेल्याने पेशी वाकतात असे मानू नये. पाणी कमी पिणे, कडाक्याची थंडी, ताप आणि दमछाक होईपर्यंत घेतलेले श्रम ही नेहमीची निमित्ते होत. दुर्दैवाने डिसेंबरातील शिबिर, पहाटेची धाव व "आता पाणी नको, पोटात दुखेल" ही आमची सूचना, यांत ती सर्वच एकत्र येतात.

राष्ट्रीय सिकलसेल अॅनिमिया निर्मूलन अभियानास १ जुलै २०२३ रोजी मध्य प्रदेशातील शहडोल येथून प्रारंभ झाला. चाळीस वर्षांपर्यंतच्या सात कोटी व्यक्तींची तपासणी व २०४७ पर्यंत निर्मूलन हे त्याचे उद्दिष्ट आहे. महाविद्यालयीन वयोगट त्यात संपूर्णपणे मोडतो. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम, २०१६ च्या अनुसूचीत सिकलसेल आजाराचा समावेश असल्याचे आपल्या अनेक सहकाऱ्यांस माहीत नाही. आजारामुळे चुकलेली चाचणी परीक्षा वा अपुरी हजेरी यांचा विचार करताना ही बाब विचारात घ्यावयास हवी.

आमच्या विभागात प्रवेशावेळी भरून घेतल्या जाणाऱ्या आरोग्यपत्रकात त्यानंतर काही भर घालण्यात आली. सिकलसेल तपासणी झाली आहे काय व तिचा अहवाल काय, हा प्रश्न ऐच्छिक ठेवला असून उत्तर गोपनीय राहते, कारण अहवालाचा गवगवा झाल्यास विवाह जुळण्यात अडचणी येतात ही मुलींची भीती निराधार नाही. त्यासोबत प्रत्येक विद्यार्थ्यास बाकावर पाय सोडून बसवून दोन्ही खुब्यांचे आतील परिभ्रमण पाहिले जाते: गुडघे जवळ ठेवून पावले बाहेरच्या बाजूस न्यावयाची. दोन्ही बाजूंत ठळक फरक आढळल्यास त्या विद्यार्थ्यास धावण्याच्या चाचणीस उभे न करता आधी वैद्यकीय तपासणीस पाठविले जाते. एका विद्यार्थ्यास यासाठी अर्धा मिनिटही पुरतो. शिबिरात पाण्याचा थांबा दर अर्ध्या तासाने असतो, आणि उतारावर मागे राहणाऱ्याबरोबर एक अध्यापक चालतो.